हौदा काढलेली गाडी कुणाची

मी, दारं-खिडक्या करणाऱ्या सुताराची विधवा आणि त्याच्यामागे स्वतः दारं करू लागलेली बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट पुष्कळांनी नको म्हटलं.

कलम एक. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलाला. तो दूरच्या शहरात असतो. घर विकायचं तर खुशाल विकावं.

कलम दोन. घरामागची शेड, रंधे, करवती, वेल्डिंगचं यंत्र आणि पिकअप गाडी माझ्या सुनेला. मुलाने तिला काडीमोड देऊन बराच काळ लोटला, तरी ती माझ्याबरोबर इथेच दारं करते. कायद्याने ती आता परकी. मी न लिहिता गेले तर शेडला कुलूप लागेल आणि तिचं पोट ज्यावर चालतं तो धंदा रस्त्यावर येईल. म्हणून हा सगळा खटाटोप.

मुलगा म्हणेल, गाडी बाबांची. बाबांची होती ती मागे माल भरायच्या पत्र्याच्या हौद्याची गाडी. हौद्यात चाकांवर दोन उंचवटे, त्यामुळे दार कधी आडवं मावलं नाही. तिरकं उभं करून न्यायचं, की पोचेपर्यंत एका कोपऱ्याचा टवका उडालेला. हौदा काढून गाडी मागून सपाट करून घेऊ का, असं मी मुलाला फोनवर विचारलं. "आई, भंगारात घाल ती," म्हणाला. सून म्हणाली, "करून कशाला घ्यायची? आपणच करू."

बोल्ट गंजून बसले होते, ते तिने कापले. साखळीच्या कप्पीने हौदा शेडच्या तुळईला टांगला आणि खालून गाडी पुढे काढली. लोखंडी चौकट तिने वेल्ड केली, पण चासीला वेल्डिंग लावू दिलं नाही, यू-बोल्टने आवळली. "आई, तो गाडीचा कणा आहे. त्याला चटके द्यायचे नाहीत."

वरच्या फळ्या ज्या लाकडाच्या आहेत, ते माझ्या नवऱ्याने मुलाच्या घराच्या मुख्य दारासाठी जपून ठेवलं होतं. मुलाने दुकानातून तयार दार आणून बसवलं. सुताराच्या पोराने! तेव्हा बोलले नाही, आता लिहिते: फार लागलं.

चूक आमचीही झाली. डिझेल भरायचं तोंड हौद्याच्या बाजूला होतं. ते आम्ही चौकटीला बांधलं आणि वरून फळ्या ठोकून मोकळ्या झालो. पंपावर गेलो तर तोंडच सापडेना. "आई, आपण गाडीचं तोंड शिवलं की हो!" पंपावर उभ्या उभ्या दोघी पोट धरून हसलो. नवरा गेल्यापासून मी तशी हसले नव्हते. मग त्या फळीत तिने बिजागरी लावून एवढंसं दार केलं.

कलम तीन. काढलेला हौदा शेजारणीकडे आहे. ती त्यात भाजी लावते. परत मागू नये. माझ्या दिराने नेलेलं ड्रिल त्याच्याकडेच राहू दे. आपणहून परत आणलंच, तर आधी त्याला बसवून पाणी द्यावं. तब्येत ठीक नसेल.

कलम चार. सुनेने दुसरं लग्न केलं, गाडीला पुन्हा हौदा बसवला किंवा ती विकून टाकली, तरी ती तिची मर्जी. मुलाने मध्ये पडू नये. मुलावर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण घर देता येईल इतपतच.

जिला मिळायचं तिने साक्षीला थांबू नये, असं वकील म्हणाले, म्हणून सुनेला दारं पोचवायला पाठवलं आहे. मसुदा वाचताना ते पुन्हा अडले. "काकू, 'सून' कसं लिहू? घटस्फोट झालाय. 'पूर्वीची सून' करू का?"

मी सांगितलं, सूनच लिहा. घटस्फोट त्याने घेतलाय, मी नाही.

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली: हौदेवाली शेजारीण (सही), डिझेल पंपावरचा माणूस (सही)
ठिकाण: शेड, रंध्याचं टेबल
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तो