चिठ्ठीवरचं नाव

३ तारीख
नोकरी लागली! कॉलेज सोडलं तेव्हा आई म्हणाली होती, आता बस माशा मारत. आई, माशा नाही, पतंग! कीटक-संग्रहालयात. पगार बेताचा, पण जिच्याशी लग्न करायचंय तिच्या वडिलांचं तोंड बंद करायला पुरे. वाळलेला पतंग ओलसर डब्यात मऊ करायचा, पंख पसरायचे, छातीतून टाचणी घालायची, खाली नावाची चिठ्ठी. इथले म्हातारे काका हाताला धरून शिकवतात, शिव्याही देतात.

९ तारीख
उष्ण जंगलातून आलेल्या खोक्यात एक नवाच निघाला. नखाएवढा. पंख दालचिनीच्या रंगाचे, कडेला केसांची झालर. उजव्या पंखावर दोन पांढरे ठिपके, डावा कोरा. कुठल्याच नोंदीत नाही. काका म्हणाले, नाव तू ठेव, पण जिवंत माणसाचं नको, आपल्याकडे ती रीत नाही. का, म्हणून विचारलं तर खेकसले. मी काय ऐकतोय! तिचं नाव लिहिलं आणि टाचणी घातली.

१० तारीख
दुपारी तिचा फोन. मी फुशारकी मारायच्या आत तीच म्हणाली, उजव्या खांद्यावर दोन पांढरे ठिपके उठलेत, आणि कालपासून छातीत टोचतंय. मी म्हटलं, माझी आठवण टोचत असेल. हसली नाही.

१२ तारीख
अंग पुसलं की टॉवेलला तपकिरी भुकटी लागते म्हणे. उठवत नाही. डॉक्टरांना काही कळेना. मी धावत काकांकडे. त्यांनी कपाळाला हात लावला, गाढवा, केलंसच ना! टाचणी उपसली किंवा चिठ्ठी काढली तर ती जाईल. फक्त वर दुसरं नाव लिहिता येतं. दुसऱ्या जिवंत माणसाचं.
लिहिलं. माझं. काकांनी पेन हिसकावलं, तर पेन्सिलीने गिरवलं.

१३ तारीख
खांदा स्वच्छ! पोटभर जेवली. आवाज असा का, विचारत होती. सर्दी, म्हटलं.
माझ्या छातीत — असू दे.

१५ तारीख
शर्ट चढवत नाही. पाठीवर काहीतरी ओलं, दुमडलेलं. काका म्हणतात, अजून वेळ आहे, तिच्या बापाचं नाव लिही, नाहीतरी तुझा वैरीच. हाकललं म्हाताऱ्याला. वैरी असला तरी तिचा बाप आहे.

१६ तारीख
बोटांना झालर. पेन्सिल निसटते. दिवा किती सुंदर — नाही. बघणार नाही तिकडे. मी काय किडा आहे?

१७
नाव बदलणार नाही. काय करायचं ते करा. पंख फुटू दे, टाचणी आणखी खोल — ती जेवते आहे, हसते आहे, मी जिंक —