आडोशाची टोपली

आधी आली थोरली सून. चपला पायातच, हातातला फोन पेटलेला, आणि उंबऱ्यातूनच, "आई, हा काय प्रकार?" मागोमाग थोरला, पाच मजले चढून फासफूस करत (धाकटा माझा लिफ्टा दुरुस्त करतो आणि त्याच्याच इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद; दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच). तो खुर्चीत बसतोय तोवर लेक आणि जावईबापू. जावईबापू दातांचे डॉक्टर, त्यामुळे कुणी बोलायला लागलं की ते आधी तोंडात बघतात. चौघं एका खोलीत, आणि धाकटा माझा चहाचं पाणी किती ठेवू म्हणून माणसं मोजतोय. असं काल झालं.

अगं, मायना राहिलाच! तर छोटे, तुझ्या ताईचे तुला भरभरून आशीर्वाद. गुडघा काय म्हणतो? तेल चोळतेस की बाटली नुसती खिडकीत उभी आहे? मी खुशाल आहे. इतकी खुशाल की चौघं भांडत होते माझ्यावरून आणि मी दुसऱ्याच्या घरचं लग्न बघावं तशी बघत होते. आता सगळं सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तू म्हणशील ताईला लिहायला बसवलं की शेपूट आधी आणि गाय मागून.

थोरल्याचा मुलगा, माझा नातू, अशा हपिसात आहे जिथे मशीन पैसे गुंतवतं आणि ही पोरं मशीनला नियम लिहून देतात. त्यांच्या टोपल्या असतात. टोपलीला ईटीएफ म्हणायचं. एका टोपलीत पन्नास कंपन्यांचा थोडा थोडा तुकडा, घ्यायची तर अख्खी टोपली. अशा आठ टोपल्या समोर मांडायच्या. महिना संपला की मशीन बघतं, गेल्या सहा महिन्यांत कुठली जोरात चढली. पहिल्या दोन ठेवायच्या, बाकीच्यांना रामराम. जोर ओसरला की त्यांनाही रामराम. आणि सगळ्याच टोपल्या हेलकावे खायला लागल्या, रोज वरखाली वरखाली, तर पैसे काढून न हलणाऱ्या टोपलीत नेऊन ठेवायचे. ती चढत नाही फारशी, पण बुडतही नाही. तिला तो हेज म्हणतो. मी आडोसा म्हणते.

मी विचारलं, माणसानेच केलं तर काय बिघडतं? म्हणाला, "आजी, माणसाला टोपलीचा लळा लागतो. पडली की घाबरून विकतो, चढली की हावरटासारखा घेतो." (हे त्याने बापाकडे बघत सांगितलं. थोरल्याने औषधाच्या दुकानात बसून गोळ्या मोजता मोजता तेच केलेलं आहे, दोनदा.) म्हणून माझे होते नव्हते ते पैसे त्याने मशीनला लावले आणि थांबवण्याचं बटण माझ्या हाती दिलं. का, तर मला काही कळत नाही, म्हणून मी दाबणार नाही. मागच्या वर्षी बाजार कोसळला तेव्हा थोरला धावत आला, "दाब, आई, दाब!" मी म्हटलं, चहा घेतोस का? मशीन आपलं आपण आडोशाला गेलं आणि चार महिन्यांनी आपलं आपण बाहेर आलं. कुणाचा शब्द नाही, कुणाची रडारड नाही. मला ते फार आवडलं.

आता माझी अवस्था तुला ठाऊक आहे. चार महिने थोरला, चार लेक, चार धाकटा. तारीख म्हणजे तारीख. थोरल्याकडे रंगकाम निघालं होतं त्या वर्षीही तारीख झाली म्हणून लेकीने मला पोचवलं, आणि मी प्लास्टिक पांघरलेल्या कोचावर रंगाच्या डब्यांमध्ये तीन आठवडे काढले. उठताना कोच करकरायचा आणि सुनेला वाटायचं मी कुरकुरतेय. त्याच वेळी लेकीकडे पाहुण्यांची खोली रिकामी. पण खोलीची पाळी नव्हती ना!

तर मी नातवाला म्हटलं, मलाही टोपल्या तीनच आहेत, लाव की मशीन. आधी हसला. मग बसला एका दुपारी आणि केलं. मी रोज संध्याकाळी वहीत तिन्ही घरांना दहापैकी गुण द्यायचे. जिथे राहते तिथे चहा न मागता आला का, औषधाची आठवण कुणी केली का, कुणी कपभर वेळ समोर बसलं का. जिथे राहत नाही तिथले गुण फोनवरून. फोन त्यांनी केला तर पूर्ण, मी केला तर अर्धा, आणि मला स्पीकरवर टाकून भाजी चिरली तर त्यातलेही निम्मे. (सुरीचा आवाज कळतो गं. मी काय बहिरी आहे? आहे, पण सुरी ऐकू येते.) नातू आकडे भरायचा. महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाच वाजता तिन्ही घरांच्या फोनवर निरोप जायचा: आजी पुढचा महिना अमक्याकडे. खाली गुण.

पहिले दोन महिने लेक पहिली. थोरली सून माहेरच्या फोनवर म्हणाली म्हणे, "म्हातारपणी यांना निकाल लावायची हौस आलीय." तिसऱ्या महिन्यात धाकट्याने बाजी मारली. त्याने काही केलं नव्हतं, फक्त रोज जेवताना मला व्हिडिओ फोन लावून समोर बसायचा, मुका, पण बसायचा. मग मात्र सगळ्यांना मशीन कळलं. महिनाभर कुणी विचारत नसे आणि पंचवीस तारीख उजाडली की फोनवर फोन. जावईबापूंनी दवाखान्यातून, एकाच्या दाढेत सुई असताना, माझी तब्येत विचारली. थोरलीने तर अठ्ठावीस तारखेला मागे रेलायची खुर्ची घेतली, फोटो पाठवला, "आई, तुमच्यासाठी." महिनाअखेरीला निरोप धाकट्याच्याच नावाचा, आणि दोन तारखेला खुर्ची दुकानात परत. नातू म्हणाला, बाजारातही हेच होतं, खूण सगळ्यांना कळली की सगळे तिथेच गर्दी करतात. म्हणून त्याने गुपचूप नियम बदलला. एकच महिना नाही, मागचे तीन महिने धरायचे, आणि ज्या घराचे गुण जास्त वरखाली उड्या मारतील त्याचे कापायचे. तिन्ही घरांच्या उड्या मर्यादेबाहेर गेल्या तर आजी आडोशाला.

आणि परवा पाच वाजता निरोप गेला: तिन्ही घरं मर्यादेबाहेर. आजी आडोशाला. मुक्काम, मावशीकडे.

मावशी म्हणजे तू.

म्हणून काल ही यात्रा. थोरला म्हणाला, "तीन मुलं असताना मावशीकडे? लोक काय म्हणतील?" लेक रडली, तीन टिपं, मग जावईबापूंनी वही मागितली आणि डोळ्यांना चष्मा लावून माझं अक्षर तपासलं, कीड कुठे लागलीय ते बघायला. थोरली म्हणाली, "खुर्ची परत केली हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, दुकानदाराने. खुर्चीची उशी तुमच्याकडेच राहिली म्हणून त्याने पावतीवरचा नंबर फिरवला, तो निघाला माझा. यावर धाकटा हसला. तो वर्षातून दोनदा हसतो, त्यातलं एक खर्ची पडलं.

शेवटी ठरलं काय, तर मशीन बंद, वही बंद, पुन्हा कॅलेंडर, आणि पहिली पाळी थोरल्याची. मला कुणी विचारलं नाही. कुणी विचारावं अशी वाटही मी पाहिली नाही, आनंदात बिस्किटं वाटली. सगळे चहा पिऊन गेले. खुशाली कळव. गुडघ्याला जप.

तुझी ताई

ता.क. तुझेही गुण मांडले होते मी. तू दर गुरुवारी चार वाजता फोन करतेस, अकरा वर्षं. ना कमी ना जास्त. सात, सात, सात, सात. नातू म्हणाला, आजी, असा सरळ आलेख मी हपिसातही पाहिला नाही.

ता.क. दुसरं. अकरा वर्षांपूर्वी तुझे यजमान गेले तेव्हा तू म्हणालीस, ताई, येऊन राहा. मी आले नाही. पाळी थोरल्याची होती. तू नंतर एकदाही विचारलं नाहीस, का आली नाहीस म्हणून. त्याचे गुण कुठल्या रकान्यात भरायचे ते मला कळलं नाही.

ता.क. तिसरं, आणि हे वाचून पत्र फाड. पोरांनी या महिन्यात काही वावगं केलं नाही गं. होती तशीच होती, बरी. उड्या मीच मारल्या. आज नऊ, उद्या दोन, परवा आठ, तिघांनाही. नातवाने वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मशीनला काय, दिले ते आकडे." मग तिकीट त्यानेच काढलं.

ता.क. शेवटचं. फोनवर हे बोलत नाही, कारण आवाज मी मोठा ठेवते आणि धाकट्याला सगळं ऐकू जातं. शिवाय तू नाही म्हणालीस तर तेही लगेच ऐकू येईल. पत्र बुधवारी मिळेल. गुरुवारी फोन करशील तेव्हा, मला घेणार असशील तर एवढंच म्हण, दुसरी खाट उन्हात टाकलीय. नसशील तर गुडघ्याबद्दल बोल, मी समजेन. माझी गाडी शनिवारी सकाळची आहे. थोरल्याची मंडळी मला न्यायला रविवारी येतो म्हणून सांगून गेलीत.