आई झोपली आहे

मी, खाली सही करणारी, पुस्तकबांधणीच्या कामावर आयुष्य काढलेली अविवाहित स्त्री, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. रागाच्या भरात लिहिलं असं कोणी म्हटलं, तर राग आहेच. पण डोकं ठिकाणावर आहे.

कलम १. माझं राहतं घर आईने हयातीतच माझ्या नावावर केलं. तिला ऐन तिशीत संधिवात जडला होता. बोटं वाकडी झाली, गुडघे आखडले. "माझी बोटं चारी दिशांना जातात, मी रस्ता चुकायची नाही," असं ती पाहुण्यांना सांगायची. मला टायफॉइड झाला तेव्हा मूठ न मिटणारी ही बाई किटलीची कडी कोपरात अडकवून, भिंत धरत धरत माझ्या उशाशी पाणी आणायची. वर हसून म्हणायची, "सांडलं तर पुसणार कोण, म्हणून जपून आणलं हो." हे घर माझ्या वहिनीला, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोला, फक्त तिच्या एकटीच्या नावावर मिळावं. कारण पुढे येईल.

कलम २. पुस्तकं दाबायचा शिकंजा, कातरी आणि दाभणं समोरच्या छापखानेवाल्यांना. शिकंज्याचा दांडा मध्येच अडतो, जोर करू नये. आई त्याच्या शेजारी खाटेवर बसून मला सुटी पानं वाचून दाखवायची. गोष्ट आवडली नाही की म्हणायची, "ही फार घट्ट शिवू नकोस."

कलम ३. माझ्या धाकट्या भावाला मी काहीही देत नाही. विसरले म्हणून नव्हे, आठवतं म्हणून.

तो परगावी मोठ्या हुद्द्यावर. एकदा येऊन म्हणाला, "ताई, तू दमलीस. हिवाळाभर आईला माझ्याकडे राहू दे." मीच तिचे कपडे भरले. त्यानंतर मी रोज फोन करायचे आणि तो रोज सांगायचा, "आई झोपली आहे." भेटायला निघाले, तर म्हणाला, "तुला बघून ती परत रडेल. रुळू दे तिला." मी सख्ख्या भावावर विश्वास ठेवला. हिवाळा सरायच्या आत आई गेली.

तिचं सामान आवरताना वहिनीने माझा हात धरला. "ताई, आई रोज विचारायच्या, पोरीचा फोन आला का? हे म्हणायचे, नाही आला. कंटाळली असेल ती."

"आणि आई?"

"म्हणायच्या, कंटाळू दे. इतकी वर्षं केलं माझं. आता तरी झोपू दे तिला."

मी भावाला तिथेच, पाहुण्यांच्या देखत विचारलं, "का केलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "माझ्या घरात, माझ्या हातून जेवायची आणि नाव तुझं घ्यायची. एकदा तरी माझी आई व्हावी असं वाटलं."

मला त्याची कीव आली, हे खरं आहे म्हणून लिहिते. पण मी कंटाळले असं समजून आई गेली, ते त्याची कीव येण्याने भरून येत नाही. आई होती तोवर वहिनीही गप्प बसली होती. तरी खरं बोलली ती तीच, आणि त्याची झळ अजून सोसते आहे. तिला हक्काचं दार असावं.

कलम ४. बँकेतली शिल्लक सांधेदुखीच्या दवाखान्याला. तिथले बाक ठेंगणे आहेत, उठताना रुग्णांचे हाल होतात. उंच करावेत.

कलम ५. वकील म्हणाले, "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटलं, "बसवा." मी गेल्यावर "शेवटी तिने भावाला माफ केलं" असं माझ्या वतीने कोणीही, कोणाच्याही समाधानासाठी सांगू नये. केलेलं नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही: लिहून देणारी
साक्षीदार: वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर, शेजारच्या शिवणकामवाल्या बाई. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.
स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: सहीखाली साक्षीदारांच्या हस्ताक्षरात