शुक्रवारची सवाष्ण

२५ जुलै, शुक्रवार
आजपासून श्रावण. पहिल्याच दिवशी बेंगळुरूच्या बसवनगुडीत, मंडळातल्या राजलक्ष्मी अक्कांकडे सवाष्ण म्हणून जेवून आले. पुरणपोळ्या तीन. ओटीत खण, नारळ, पाच केळी.

अक्कांना खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. एक, अभिमन्यू दीड वर्षापासून शहराबाहेर होसकोट्याला वेगळा राहतो. दोन, कंपनीच्या शिफ्टमुळे राहतो हे कारण खोटं आहे. तीन, एकवीस ऑगस्टला कोर्टात घटस्फोटाची शेवटची सही आहे. तीन वाक्यं, बसमध्ये पाठ केलेली. पण अक्कांची सून आश्लेषा कुंकू लावायला पुढे वाकली आणि मी कपाळ पुढे केलं. सवयीनं.

पुढच्या शुक्रवारी नक्की. मागच्या श्रावणातही नक्की होतं, पण तेव्हा तारीख नव्हती. आता तारीख आहे.

२६ जुलै
शांतपणे विचार केला. मी खोटं बोललेले नाही. अक्का विचारतात, अभिमन्यू बरा आहे ना? मी म्हणते, बरा आहे. तो बराच आहे. वजनही कमी केलंय म्हणे.

२७ जुलै, रविवार
मंडळाच्या वाचनालयात माझ्या व्याख्यानमालेचं पहिलं पुष्प. विषय: ‘पडदा, पुस्तक आणि परंपरा: आपली नीती कुठे दिसते?’ श्रोते सोळा. सत्य बोलण्याच्या धैर्यावर चाळीस मिनिटं बोलले. सिनेमातली बाई नवऱ्यापासून वेगळी झाली की केस कापते आणि नोकरीला लागते. कादंबरीतली खिडकीशी बसते. व्रताच्या कहाण्यांत नवरा रागावतो, हरवतो, दगडसुद्धा होतो, पण शेवटी परत येतो. संमतीचा अर्ज करून जात नाही. हे शेवटचं वाक्य मनातल्या मनात म्हटलं.

अक्का पहिल्या रांगेत होत्या. नंतर म्हणाल्या, छान बोललीस ग. स्वल्प लांबलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार
आज पोचल्याबरोबर सांगायचं, चपला काढता काढता, असं ठरलं होतं. सिल्क बोर्डच्या चौकात बस पाऊण तास अडकली. गेले तेव्हा पानं वाढलेली. वाढल्या पानावर असलं बोलू नये, एवढं तारतम्य मला आहे.

निघताना अक्कांनी डबा दिला. उघडला तर दोनच पोळ्या. पूर्वी सहा असायच्या, अभिमन्यूला आवडतात म्हणून. वय झालं अक्कांचं. विसरायला लागल्या. फार वाईट वाटलं.

२ ऑगस्ट
आमच्या सोसायटीचा वॉचमन मंजुनाथ म्हणाला, मॅडम, सरांचं कुरिअर आलंय, होसकोट्याला पाठवू? ॲड्रेस आहे माझ्याकडे. शिफ्टची गोष्ट इलेक्ट्रॉनिक सिटीत सगळ्यांना पटली आहे, हे त्यावरून दिसतं. कोणाला काही कळलेलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार
दुसरं पुष्प. श्रोते नऊ. वाचनालयातली कावेरी वर्ल्डकपला दोष देत होती, पण वर्ल्डकप चालू नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार
वरलक्ष्मीचं व्रत. अख्ख्या बेंगळुरूत झेंडूचे ढीग. आज तीन घरांची आमंत्रणं, तिन्हीकडे सवाष्ण मीच. कारण उघड आहे. बाकीच्या बायका ऑफिसात, नाहीतर डाएटवर. मी घरी बसून वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं मराठीत आणते, त्यामुळे दुपारी बाराला मोकळी असते. आणि खाते.

पोळ्या एकूण आठ. सांगायला वेळच मिळाला नाही.

पाटावर बसलं की सगळं घर आपल्याकडे बघतं. तूप हवं का, पाणी हवं का, लिंबू पिळू का. माझ्या घरात मला तूप हवं का हे दीड वर्षात कोणी विचारलेलं नाही. त्याआधीही नाही. हे लिहायला नको होतं.

एकवीसनंतर मला कोण बोलावेल? विधवेला निदान नाव आहे. परंपरेत माझ्यासाठी शब्दच नाही. चांगला मुद्दा आहे, पुढच्या पुष्पात घ्यावा.

१० ऑगस्ट, रविवार
मुद्दा घेतला नाही. श्रोते सहा.

११ ऑगस्ट
मेट्रो सुरू झाली. इलेक्ट्रॉनिक सिटीतून थेट आर. व्ही. रोड, तिथून अक्कांचं घर दहा मिनिटं. लिफ्टमध्ये सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते. मीही केलं. आता उशीर झाला म्हणता येणार नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
सांगितलं.

मेट्रोमुळे चाळीस मिनिटं आधी पोचले. अक्का स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या. तिन्ही वाक्यं बोलले, पण क्रम चुकला. कोर्ट आधी आलं आणि होसकोटे शेवटी. अक्कांचा हात थांबला नाही. म्हणाल्या, ठाऊक आहे ग.

कधीपासून? म्हणाल्या, मागच्या दिवाळीपासून. अभिमन्यू आला होता पाया पडायला. बसला होता तुझ्याच जागी. रडला स्वल्प. त्याला जेवायला घालून पाठवलं.

मग मला का बोलावत राहिलात? तर म्हणाल्या, कागद होईतोवर आहेसच की सवाष्ण. आणि शुक्रवारी बाराला मोकळी बाई ह्या गावात कुठं मिळते? आश्लेषाच्या मैत्रिणी पुरण बघून फोनात कॅलरी शोधतात.

मग विचारलं, तारीख कधी म्हणालीस? म्हटलं, गुरुवारी, एकवीस. अक्का बोटांवर मोजायला लागल्या. आमचा शेवटचा शुक्रवार बावीस. दोनच दिवस पुढं होत नाही काय? कोर्टात तारखा पुढंच जातात म्हणे.

आश्लेषा म्हणाली, आई, काय हे. अक्का म्हणाल्या, विचारलं फक्त. सरी, बरं, चल, पान घेते.

जेवले. चार पोळ्या. दुःखात भूक जाते हे पुस्तकात वाचलेलं, माझ्या बाबतीत खरं नाही.

१६ ऑगस्ट
ठरलं. आता त्या घरी पाऊल ठेवायचं नाही. माणूस म्हणून बोलावलं असतं तर वेगळं. मी काय पाटावर ठेवायची वस्तू आहे? स्वाभिमान नावाची गोष्ट असते.

१७ ऑगस्ट, रविवार
चौथं पुष्प, विषय स्वाभिमान. श्रोते चार. अक्का पहिल्या रांगेत. मला बघून हात हलवला. मीही हलवला. हा सभेचा शिष्टाचार झाला.

१८ ऑगस्ट, सकाळी ११
अभिमन्यूला फोन केला. सहज विचारलं, तारीख दोन दिवस पुढे घेता येईल का. कामाचं कारण सांगितलं. तो म्हणाला, कुठल्या कामाचं? लगेच स्वतःच म्हणाला, शेवटचा शुक्रवार आहे ना. मग म्हणाला, नीरजा, मी रजा टाकलीय ग. पुन्हा मिळणार नाही.

मी म्हटलं, बरोबर आहे, मीही नुसतं विचारलं.

ठेवताना म्हणाला, अक्कांना सॉरी सांग.

२१ ऑगस्ट, गुरुवार
कोर्ट. अकरा मिनिटं. सही करताना माझं पेन उमटेना, अभिमन्यूनं त्याचं दिलं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, कॉफी? मी नको म्हटलं. मग एकाच टपरीवर दोघं वेगवेगळी प्यायलो, कारण जवळपास दुसरी टपरी नव्हती. पेन परत द्यायचं राहिलं.

संध्याकाळी अक्कांचा फोन. उद्या ये म्हणाल्या. मी म्हटलं, अक्का, आज झालं, आता मी ती नाही. म्हणाल्या, ठाऊक आहे. म्हणूनच नऊला ये. लाटायला माणूस नाही.

फोन ठेवला आणि हसले. म्हणजे कालपर्यंत पाटावर आणि आजपासून पोळपाटाशी. एका रात्रीत. ह्यावर खरं तर एक स्वतंत्र पुष्प होईल. जाणार नाही. हे अखेरचं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
नऊला दहा कमी असताना पोचले.

बत्तीस पोळ्या लाटल्या. पहिल्या चार फुटल्या, पुढच्या बऱ्या आल्या. पाटावर आश्लेषाच्या ऑफिसातली मुलगी होती, कोरमंगल्याची, लग्नाला तीन महिने झालेली. तिला तूप मी वाढलं. तिनं दीड पोळी खाल्ली आणि कुंकू पुसू नये म्हणून मान ताठ ठेवून बसली. आश्लेषानं तिची ओटी भरली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघितली. फार काही वाटलं नाही. थोडं वाटलं.

सगळे उठल्यावर अक्कांनी आत जमिनीवर दोन ताटं घेतली. मी म्हटलं, बाहेर टेबलाशी बसू ना. म्हणाल्या, मी इथंच बसते, शुक्रवारी. आमचे हे, अण्णा, गेल्यापासून. एकोणीस वर्षं.

पाच श्रावण मी ह्या घरात जेवले. परंपरा आणि नीती ह्यावर चार भाषणं दिली, ती सगळी अक्कांनी पहिल्या रांगेत बसून ऐकली. त्या कुठं जेवतात हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी ताट घेऊन त्यांच्या शेजारी टेकले. अक्कांनी कटाची आमटी एक घोट घेतली, थांबल्या, आणि विचारलं, मीठ कमी आहे ग. दर खेपेला असतं काय?

पाच वर्षं मी पाटावरून म्हणत आले होते, अक्का, आमटी खावी तर तुमचीच.

म्हटलं, हो. दर खेपेला असतं.

अक्कांनी मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.