मारुतीचा पानगा आणि टमाली

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

शिरपूर जैन,
१८ जानेवारी २०२६

चि. समीक्षा हिस काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. वांगी उतरली, गायीला कालवड झाली, तुझी सीताकाकू गुडघ्याला शिव्या देत सगळी कामं करते. फोनवर मला राग नीट मांडता येत नाही, म्हणून पत्र.

तुझा भाऊ पवन याने तुझ्या पुण्याच्या हॉटेलचं मेनूकार्ड मोबाइलवर दाखवलं. पळसाच्या पानात भाजलेले आपले पानगे, आणि खाली इंग्रजीत ‘वाशीम टमाली’. नाव तूच सुचवलंस म्हणे. मी त्याला डिक्शनरी काढायला लावली. टमाली म्हणजे मेक्सिकोतलं मक्याचं पीठ, आत मटण भरून, कणसाच्या सालीत बांधून वाफवलेलं. वा! हनुमान जयंतीला ज्याचा नैवेद्य दाखवतो, त्याला तू मटणाच्या पुरचुंडीचं नाव दिलंस. तुमच्या गिऱ्हाइकांची अक्कल तरी केवढी! पानात भाजलेली कणीक कळायला त्यांना परदेशी शब्द लागतो.

नोकरी लागावी म्हणून तू मारुतीला पानग्यांचा नवस बोललीस. नोकरी लागली. नवस फेडणाऱ्याने पहिला पानगा स्वतः थापायचा, ही आपली रीत. पण कार्डावरून ते नाव गेल्याशिवाय तू त्या कणकेला हात लावायचा नाही. पारावर चार लोकांत मी हे सांगून बसलो आहे.

लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझा काका,
रामराव

---

पुणे,
२६ जानेवारी २०२६

ती. स्व. काकांस समीक्षाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र हॉटेलातल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, असे काका आमच्या मालकाला रोज सकाळी एक तास हवेत.

नाव मीच दिलं. मालक म्हणाले, इंग्रजी कार्ड वाचणाऱ्याला पानगा कळत नाही, आणि न कळलेलं तो मागवत नाही. टमाली तो ओळखतो. माझी सहा महिन्यांची चाचणी फेब्रुवारीअखेर संपते, म्हणून मी हुशारी दाखवली.

पण काका, डिक्शनरीत अर्धंच असतं. आमच्याकडे मेक्सिकोची एक बाई जेवायला येते. तिच्याकडे एकाला तमाल म्हणतात. इंग्रजांनी तो शब्दही तोडूनमोडूनच नेला. सणाच्या आदल्या दिवशी तिच्या घरच्या सगळ्या बायका साली पसरून बसतात, एक पीठ लावते, एक बांधते, सगळ्या मिळून नात्यातल्यांची उणीदुणी काढतात. सगळ्यांत मटण नसतं, गोडही करतात. गेलेल्या माणसांपुढे ठेवतात, मरियमच्या सणाला वाटतात. तुम्ही ज्या शब्दावर थुंकलात, तो कुणाच्या तरी घरचा प्रसाद आहे. आपली काकू त्या बायकांत बसली तर तासाभरात तिचं राज्य होईल.

नाव काढा म्हटलं तर मालक मलाच काढतील. आता तुम्ही सांगा.

माया कमी करू नका, राग केलात तरी चालेल.

तुमची,
समीक्षा

---

शिरपूर जैन,
४ फेब्रुवारी २०२६

चि. समीक्षा हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काकूने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली की, तुमी जन्मात एक तरी पानगा थापला का? मंग पोरीले कायले हुकूम सोडून राह्यले? मारुतीनं तुमाले चौकीदार नेमलं का?

संध्याकाळी देवळात बसलो. दूरच्या बायकांचा सण मी पुरचुंडी म्हणून हिणवला, आणि वर स्वतःला भाविक म्हणवतो. लाज वाटली. तुझ्या मालकाबद्दलचं मत मात्र आणखी खाली गेलं. त्याला ना त्यांचा सण ठाऊक, ना आपला नैवेद्य. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालतो आणि त्याला धंदा म्हणतो.

पण तुझी भाकर आज त्याच्याकडे आहे. पारावर जाऊन मी अट मागे घेतली. उदयसिंग म्हणाला, रामरावभाऊ पयल्यांदा चुकलो म्हणून राह्यले, कोणी तारीख लिहून ठेवा रे. कार्डावर काहीही असो, पहिला पानगा तूच थाप. नोकरी सोडू नको.

काकूचा आणि माझा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं सांगत नाही.

काका

---

पुणे,
१ मार्च २०२६

ती. स्व. काकांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

अट मागे घेतलीत आणि माझी पंचाईत केलीत. अट होती तोवर तुमच्यावर चिडून ते नाव ठेवता येत होतं.

कार्ड पुन्हा छापायचं होतं. मी ‘पानगा’ लिहिलं, खाली एका ओळीत इंग्रजीतून, पळसाच्या पानात भाजलेली गव्हाची कणीक. पहिल्या आठवड्यात कुणी मागवला नाही. दुसऱ्यात तिघांनी मागवला. त्यातल्या एका साहेबांनी पानासकट चावला आणि फार चिवट आहे म्हणून मॅनेजरला बोलावलं. काल चाचणी संपली. मालक म्हणाले की, तुला गिऱ्हाईक कळत नाही. मला तर ते फारच नीट कळलं आहे, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. उद्यापासून कार्डावर पुन्हा टमाली.

हनुमान जयंतीला आठ दिवस आधीच येते; सुट्टी मागायला कुणी उरलं नाही. पवन म्हणतो की नोकरीच गेली, तर नवस कशाचा फेडायचा. त्याला सांगा, मारुतीने नोकरी दिली होती. घालवली मी.

दोघांची माया अशीच असू द्या.

तुमची,
समीक्षा