राहिलेला दुखवटा

चारकोप, कांदिवली

प्रिय चेतनाताई,

पाकीट बघून घाबरू नकोस. कोर्टाचं काही नाही, ती भानगड संपली. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू नेहमीसारखा अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस, आणि हे काम अंगठ्यावर भागणारं नाही. शिवाय आईनं बजावलं, की असलं बोलणं फोनवर करायचं नसतं, नीट कागदावर लिही. नांदेडचं ऊन मानवतंय का? संस्थेनं तिकडे नवीन केंद्र उघडायला तुला पाठवलं त्याला वर्ष होत आलं. आई अजून रविवारी चहाचं आधण ठेवताना तुझ्या वाटचं पाणी घालते आणि मग तो आलं ठासून घातलेला चहा मला ढोसावा लागतो. तुझ्यामुळे माझं पित्त वाढलंय, एवढं लक्षात ठेव.

परवा घर आवरताना दादाचे फोटो निघाले. बऱ्याच फोटोंत सुशांतदादाच्या खांद्यावर विकीचा हात आहे. मला वाटलं आई फोटो फाडेल, पण तिनं ते पुसून परत ठेवले. तू आम्हाला भेटलीस ती दादा गेल्यावर, म्हणून तुला आमचं आधीचं घर ठाऊक नाही. बाबा वारल्यावर सुबोधमामानंच आम्हाला हात दिला होता. माझी फी त्यानं भरली, दादाला कामाला त्यानं लावलं, आणि दादानं पुढे इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेतला तेव्हा मामाचा विकी त्याच्या जोडीला आला. दोघं भावांसारखे, म्हणजे भांडायचेही भावांसारखेच. त्या दुपारी विकी प्यायलेला होता. शब्दाला शब्द लागला आणि त्याच्या हातात लोखंडी पान्हा होता. आई डबा घेऊन पोचली तेव्हा विकी रक्तानं भरलेल्या शर्टानं गाळ्यातून पळत सुटला होता. आईनं त्याला पाहिलं, आणि मग आत जाऊन दादाला पाहिलं. तिच्याशिवाय हे पाहणारं कुणी नव्हतं. पुढे मामा आला तो एवढंच म्हणायला, की ताई, तुझा तर गेला, माझा तरी राहू दे, साक्ष देऊ नकोस.

तेव्हा आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं गं. आरोपपत्र म्हणजे काय, सरकारी वकील आपला की सरकारचा, तारखेला आपण जायचं की नाही, काही म्हणजे काही नाही. मी दिंडोशीच्या कोर्टाबाहेर एका भिंतीला टेकून उभी राहायचे आणि समोरच्या बाकावर मामी रडत बसलेली असायची. अशा वेळी तू येऊन विचारलंस, की चहा घेणार का, आणि मला वाटलं मामानं वकिलीण पाठवली! काय काय बोलले मी तुला! दलालीच करायची तर दुसरीकडे जाऊन कर, असंही म्हणाले. तू हसलीस, म्हणालीस, पुढच्या तारखेलाही मी इथंच असेन, तेव्हा घेऊ चहा. आणि खरंच होतीस. गुन्ह्यात माणूस गेलेल्या घरांसाठीही कुणी काम करतं, विधी सेवेकडून आपल्यालाही फुकट वकील मिळू शकतो, मामाकडचे धमकीचे फोन मुकाट ऐकायचे नसतात, पोलिसांत अर्ज देता येतो, हे सगळं मला तुझ्याकडून त्या कळकट कँटीनमध्ये कळलं. त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी दोन वडापाव हाणले.

तू घरी आलीस त्या दिवसाची मात्र मला लाज वाटते. आईनं पाणी द्यायच्या आधी तुझं आडनाव विचारलं. कशाला विचारलं ते तुलाही कळलं, मलाही कळलं. तू आडनाव सांगितलंस, गाव सांगितलंस, वर म्हणालीस, काकू, चहात आलं जरा जास्त घाला. आईनं खरंच जास्त घातलं. त्यानंतर तू दर रविवारी यायला लागलीस. दादाचं नाव काढायची नाहीस. बांगडा खाताना तुझे हाल व्हायचे, तेव्हा आईच काटे काढून तुझ्या ताटात ठेवायची आणि घाटावरच्यांना कुणी काही शिकवलंच नाही म्हणून करवादायची. ती करवादत होती याचंच मला केवढं सुख वाटायचं!

पण साक्ष जवळ आली आणि आईनं हात टेकले. दादा गेल्यापासून ती नळाच्या आणि दळणाच्या पलीकडे गेली नव्हती. मला वाटायचं भीती. तुझ्यापुढे एकदा ती बोलून गेली, की माझा दुखवटा निघाला नाही, मी उंबरा कसा ओलांडू. आमच्यात तेराव्यानंतर माहेरची माणसं साडी घेऊन येतात, ती नेसायला लावतात, गोडाचा घास भरवतात, मग बाई पुन्हा चारचौघांत जायला मोकळी. आईचं माहेर म्हणजे सुबोधमामा. तो साडी घेऊन येणार होता थोडाच! मी भडकले. म्हटलं, मीच आणते साडी, विषय संपव. तर म्हणाली, "साडी कोणी आणूची तां ठरलेला असता, तुका काय कळता?" तू मात्र वाद घातला नाहीस. काय काय आणायचं असतं, एवढंच विचारून घेतलंस.

पुढच्या रविवारी दारात तू आणि तुझ्या शेजारी शांताबाई. स्वतःच्या आईला तू गावाहून एवढ्या लांब घेऊन आलीस, कारण माहेराहून पोर एकटी कशी येईल, सोबत मोठं माणूस लागतं! शांताबाईंनी पुरणपोळ्यांचा डबा उघडला, साडीची घडी आईच्या मांडीवर ठेवली. रंग कसला भडक मोरपंखी होता गं! आई म्हणाली, "ह्यो रंग माका शोभतलो?" शांताबाई म्हणाल्या, "माहेरचं माणूस आणंल ते नेसावं बाई, नावं नंतर ठेवावी." आई आत गेली आणि साडी नेसून आली. पहिला घास तोंडात गेला आणि ती जी हंबरडा फोडून रडली, तशी ती दादाला नेलं तेव्हाही रडली नव्हती. शांताबाई तिला पोटाशी धरून म्हणत होत्या, "रड, माहेरच्यांपुढं लाज कसली?" मी स्वयंपाकघरात तोंडात पदर, म्हणजे ओढणी, कोंबून उभी होते. ताई, त्या दिवशी माझी आई मला परत मिळाली.

आणि मग ती कोर्टात उभी राहिली. तू आदल्या आठवड्यात तिला रिकामं कोर्ट दाखवून आणलं होतंस, कुठं उभं राहायचं, पाणी कुणाकडे मागायचं, सगळं. वकिलांनी विचारलं, पळणारा माणूस कोण होता? आईनं बोट दाखवून सांगितलं, विक्रांत सुबोध परब. ह्याला ओळखता का, तर म्हणाली, मी आत्या त्याची, बारशाला हे नाव मीच त्याच्या कानात सांगितलं होतं. मामानं मान खाली घातली. निकाल लागला, शिक्षा झाली, त्या संध्याकाळी आई दादासाठी रडली आणि विकीसाठीही. तुला फोनवर मी फक्त शिक्षेचं सांगितलं होतं. हे सांगायचं राहून गेलं होतं.

आता मुद्द्यावर येते. माझं लग्न ठरलंय! मुलगा मुलुंडचा, नाव चैतन्य, शांत आहे, माझ्यापुढे तसाही दुसरा इलाज नाही. हॉल बोरिवलीला घेतलाय. बैठकीत आमच्या एका काकांनी खोकून विचारलं, की मामाचं काय करायचं, लांबचा कुणी बघायला हवा. मी खाली बघत होते. आई ताडकन म्हणाली, "लांबचो कित्याक? नांदेडाक आसा ना आमचो मामा." काका म्हणाले, ती बाई आहे, आणि शिवाय... पुढचं आईनं त्यांना बोलूच दिलं नाही. दुखवट्याला तुम्ही कुठं होतात, असं विचारलं फक्त. काकांनी चहा संपवला. तेव्हा रजा टाक, शांताबाईंना घेऊन ये. मला उचलून न्यायची गरज नाही, बांगडे खाऊन मी बरीच जड झालेय, नुसता हात धर. गुरुजी माइकवरून म्हणतील, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, तेव्हा खोलीच्या दारात मला तू दिसली पाहिजेस.

तुझीच भाची,
जान्हवी