सुकदेवचं जर्किन

३ जानेवारी

सुकदेवला वेड लागलंय! मुलीने, भाविकाने, धुळ्याहून पार्सल पाठवलं आणि हा साठीचा गडी आज लढाईला निघाल्यासारखा आला. काळं जर्किन, कोपरांना-खांद्यांना आतून कडक गाद्या, गुडघ्यांना वाट्या, जाड हातमोजे, वर तोंड झाकणारं हेल्मेट. जायचं कुठे? पहाटे गव्हाला पाणी द्यायला! गाव ते मळा चार किलोमीटर, नाल्यातली दगडगोट्यांची वाट. तीस वर्षं आम्ही दोघे आपापल्या गाडीवर जातोय. कुणी मेलं का?

मी विचारलं, "चंद्रावर चालना का रे भो?"

तोतारामच्या टपरीवर लोक चहा सांडेपर्यंत हसले.

५ जानेवारी

कडाक्याची थंडी. बोटं वाकेनात, क्लच दाबताना डोळ्यांत पाणी. सुकदेव मजेत! म्हणे, "माले ते घाम उना!" म्हटलं, येणारच — गादी अंगावर घेऊन फिरतोस!

६ जानेवारी

भाविका त्याला रोज फोन करते — "बाबा, नाल्यात उतरताना हेल्मेटचा पट्टा लावा." आणि हा मला ते चारचारदा ऐकवतो. माझा मुलगा दीपक पुण्यात. दिवाळीला त्याने मिठाईचा फोटो पाठवला. मिठाई नाही, फोटो!

जळतो मी. लिहून टाकलं, बरं वाटलं.

९ जानेवारी

टपरीवर सुकदेवचं नाव आता 'अंतराळवीर'. नाव मीच ठेवलं. तो दिसला की सगळे उभे राहून सलाम ठोकतात. हसला बिचारा. पण आज चहा न घेताच गेला.

११ जानेवारी

जिंकलो! सुकदेव आज जर्किन नाही, हेल्मेट नाही — साधी शाल पांघरून आला. "बठ्ठा हासतस रे भो. माले लाज वाटस."

कुडकुडत होता. मीच त्याच्या शालीची गाती मारली, छातीवरून फिरवून मानेमागे पक्की गाठ दिली. म्हटलं, आता कसा माणसात आलास!

१२ जानेवारी

आजही गाती मीच बांधली.

नाल्याच्या उतारावर त्याची गाडी दगडांवर उडाली आणि शालीचं लोंबतं टोक मागच्या चाकात गेलं. मी माझ्या गाडीवर मागेच होतो. शाल मानेला आवळली, सुकदेव मागे ओढला गेला आणि डोकं दगडावर आपटलं. गाठ सुटेना. विळ्याने कापली. ट्रॅक्टरमधून अमळनेर, तिथून धुळे.

१३ जानेवारी

शुद्ध नाही.

१४ जानेवारी

डॉक्टर म्हणतात, जीव वाचला. चालेल की नाही, सांगता येत नाही. त्याची बायको वच्छलाबाई माझे हात धरून रडली — "तुम्ही व्हतात म्हनीसन ह्या वाचनात, भाऊ."

भाविकाने विचारलं, "काका, बाबांनी जर्किन का नव्हतं घातलं?"

"विसरला असेल," म्हटलं.

तिने डोळे पुसले आणि माझ्या पाया पडली.